रुखवताचा चीक

आमच्या गच्चीवर गेल्या उन्हाळ्यात असं ठरलं की निकिताच्या हाताला चीक धरत नाही. निकिता म्हणजे मी. ठराव शेजारच्या अंबूमावशींनी मांडला, अनुमोदन कुणी दिलं नाही, विरोधही कुणी केला नाही, आणि माझ्या सासूबाई खाली मान घालून सोऱ्या फिरवत राहिल्या. तेवढं पुरतं. बायकांच्या गच्चीवर एकदा ठरलेली गोष्ट बदलायला देवच वर यावा लागतो, आणि आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बहुतेक वेळा बंदच असते.

झालं होतं ते असं. कुरडईसाठी गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग ते वाटून त्यांचं पांढरं सत्त्व काढायचं. हा कच्चा चीक. तो मिठाच्या उकळत्या पाण्यात घोटून शिजवला की खळीसारखा घट्ट होतो आणि मोठ्या पातेल्यातून गरमागरम काढून सोऱ्यात भरतात. पण लग्नाच्या रुखवतात मांडायला रंगीत कुरडया लागतात. त्यासाठी थोडा थोडा शिजलेला चीक छोट्या पातेल्यांत काढायचा, त्यात बिटाचा, पालकाचा, हळदीचा रंग मळायचा आणि पांढऱ्याचं काम आटपेपर्यंत ती पातेली झाकून ठेवायची. गेल्या वर्षी मी नवी सून, कॉलेजात शिकवणारी, हाताशी जरा चित्रकला. रंगाचं खातं मला मिळालं. झाकण काढलं तर गुलाबी चीक पातेल्यात ताकासारखा डुचमळत होता. हिरवाही तसाच आणि पिवळाही. सोऱ्यातून तारेऐवजी थेंब पडले. मोठ्या पातेल्यातला पांढरा चीक मात्र ठणठणीत होता.

"मनमाडची पोर. इंजिनं बघत वाढलेली," अंबूमावशी म्हणाल्या, "तिच्या हाताला चीक धरंल कसा?"

चीक न धरण्यात रेल्वेचा काय दोष, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण नवी होते.

तुम्ही म्हणाल, कुरडई ती काय, पाकिटात मिळते. मीही स्वतःची अशीच समजूत घातली आणि ती अजिबात पटली नाही. मनमाडला रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही तिघं. मम्मी-पप्पा दोघंही नोकरीला, वाळवण सगळं विकतचं. पाच-सहा बायकांनी गोल करून बसायचं, एकमेकींची उणीदुणी काढत हात चालवायचे, हे मला या नाशिकच्या घरात आल्यावर पहिल्यांदा मिळालं. मला ते फार आवडलं होतं. आणि पहिल्याच दिवशी माझा हात बाजूला काढून ठेवला गेला. यंदा तर माझ्या नणंदेचं, संजनाचं, लग्न. तिचं रुखवत मी मांडायचं असं आम्ही दोघींनी केव्हाच ठरवलं होतं. त्यातल्या कुरडयांनाच मी शिवायचं नसेल, तर त्या लग्नात मी सून कसली, वऱ्हाडातली एक पाहुणी.

आता सासूबाईंबद्दल. त्यांचं नाव कुसाबाई, आम्ही सगळे आई म्हणतो. माहेर हरसूलकडचं, डोंगरातलं. स्वभावाने वाईट नाहीत. बोलतात कमी, आणि जे बोलतात ते कायदा म्हणून बोलतात. पहिला कायदा उष्ट्याचा. पेल्याला तोंड लावून प्यायलं की तो पेला दोनदा घासायचा. भाजी चाखायची तर पळीतून वरून तळहातावर थेंब घ्यायचा आणि तो चाटायचा. पळीला ओठ लागला तर ती भाजी गाईला. माझा नवरा भारत एकदा श्रीखंडाच्या पातेल्यात बोट घालताना सापडला, तर तिशीतल्या माणसाला त्यांनी भिंतीकडे तोंड करून बसवलं. हे मी स्वतः पाहिलंय आणि पोटभर हसलेय.

हल्ली त्या थोड्या सैलावल्या आहेत असं आम्हाला वाटत होतं. मिठाची डबी जेवणाच्या टेबलावर आली. "ज्याला जेवढं पायजे तेवढं घ्या, डाक्टर मीठ कमीच खा म्हनत्यात," असं त्या म्हणाल्या, आणि आई किती आधुनिक झाल्या म्हणून आम्ही कौतुक केलं. एकदा मी घाईत चहात साखरच घातली नाही. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, आईंनी मात्र कप संपवला आणि म्हणाल्या, "चांगला झाला." सुनेची बाजू घेतात म्हणून मी दिवसभर हवेत होते.

यंदा गहू भिजले, चीक निघाला, आणि गच्चीवर जायच्या आदल्या संध्याकाळी आईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यावरचं फडकं उगाच इकडून तिकडे सरकवत म्हणाल्या, "उद्या तू कबुतरं बघ."

"म्हणजे?"

"कुरडया वाळत घातल्या का कबुतरं येत्यात. काठी घेऊन बस. रंगाचं मी बघते."

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. कबुतराचं पचन, श्वसन, उत्सर्जन सगळं मला पाठ आहे. म्हणून काही मला त्यांना हाकायला बसवायला नको होतं. पण "बरं" म्हणाले आणि खोलीत जाऊन भारतशी भांडले. त्याचा काहीच दोष नव्हता, पण तो जवळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर सगळं नेहमीसारखं मांडलं. प्लास्टिकचे कागद अंथरले, विटा ठेवल्या. खालच्या मजल्यावरच्या सुरय्याभाभी त्यांचा पितळी सोऱ्या घेऊन आल्या. त्यांचा सोऱ्या म्हणजे आमच्या बिल्डिंगची सार्वजनिक मालमत्ता आहे, ईदच्या शेवयांपासून आमच्या कुरडयांपर्यंत सगळं त्यातून निघतं. अंबूमावशी सुपारी चघळत सावलीत बसल्या. मी टाकीपाशी काठी घेऊन कबुतरांवर लक्ष ठेवून होते. चिकाला मी बोट लावलं नाही. चिकाजवळही गेले नाही. आईंनी स्वतः रंग मळले, स्वतः झाकण घातलं.

पांढरं संपलं. आईंनी गुलाबी पातेल्याचं झाकण काढलं आणि तशाच बघत राहिल्या. संजनाने आत पळी घातली. पळीवरून चीक भराभर ओघळला.

खरं सांगते, मला इतका आनंद झाला की काठी हातातून पडली. नणंदेच्या रुखवताचा चीक बिघडला म्हणून आनंद होणारी मी बहुधा नाशकातली एकटीच. पण माझी सुटका झाली होती! मी काही केलंच नव्हतं!

"तिची सावली पडली," अंबूमावशी म्हणाल्या.

"मावशी, मी टाकीपाशी होते. सूर्य तुमच्या बाजूला आहे. सावली तिकडे पडतेय."

"मग नजर. वर्षभर मनात धरून बसली आसंल."

"क्या बोलते मावशी," सुरय्याभाभी म्हणाल्या, "ती पोरगी सकाळपासून कबुतर हाकतेय बिचारी." पण तोवर संजनाचे डोळे भरले होते आणि आई हिरव्या पातेल्यात हात घालून चीक पुन्हा पुन्हा चेपून बघत होत्या, जणू काही चुकून बिघडलं असेल तर तो परत घट्ट होईल. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं आणि रागावल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. सावली काय, नजर काय! जो प्रश्न परीक्षानळीत सुटतो तो अंबूमावशींच्या तोंडी कशाला द्यायचा? आईंनी कच्चा चीक अर्धा फ्रिजमध्ये राखून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिजवायचं ठरलं. म्हणजे माझ्या हातात दुपार होती. उरलेला पांढरा चीक बायकांनी दरवर्षीसारखा दूध-साखर घालून खाल्ला, मी मात्र रागात वाटीला हात लावला नाही. आवरताना मी गच्चीवरचं जे जे रंगीत चिकाच्या संपर्कात आलं होतं ते सगळं खाली आणलं: बिटाचा रस, पालकाचा रस, हळदीचं पाणी, पिंपातलं पाणी. आणि हात बुडवायचा वाडगा. चीक हाताला चिकटतो, म्हणून तो मळताना मधून मधून पाण्यात हात बुडवतात. तो वाडगा नेहमी रंगाच्या पातेल्यांजवळच असतो.

आई आणि भारत झोपले होते. संजनाला मी स्वयंपाकघरात ओढली. ती बँकेत आहे, विज्ञान तिने दहावीत सोडलं आणि परत भेटायची इच्छा नाही.

"वहिनी, आपण काय करतोय?"

"खुनी शोधतोय."

बिघडला नव्हता त्या पांढऱ्या चिकाची पातळ पेज केली, वाट्यांमध्ये घातली. प्रत्येक वाटीत एकेका संशयिताचा एकेक चमचा. सगळ्या वाट्या कोमट पाण्याच्या परातीत ठेवल्या, आम्ही चहा घेतला, आणि मग जखमेवर लावायचं घरातलं आयोडीन पाण्यात कालवून एकेक थेंब टाकला. पिठूळपणा शिल्लक असला की आयोडीन निळंकाळं होतं. पिंपाच्या पाण्याची वाटी निळीकाळी झाली. बिटाची, पालकाची, हळदीची, सगळ्या झाल्या. वाडग्याच्या पाण्याची वाटी मात्र पिवळट तांबूसच राहिली.

"ही बिघडली का?" संजनाने विचारलं.

"नाही गं. हिच्यात पीठच उरलं नाही. कुणीतरी खाल्लं."

मला आता चढली होती. वाडग्यातलं उरलेलं पाणी मी चार ठिकाणी वाटलं. एक उकळलं, एकात लिंबू पिळलं, एक बर्फात ठेवलं आणि एक तसंच कोमट. पुन्हा पेज, पुन्हा आयोडीन. कोमट पाण्याने पेजेतलं पीठ पुन्हा फस्त केलं. उकळलेल्याने पेजेला काही केलं नाही. लिंबूवाल्याने काही केलं नाही. बर्फातलंही गप्प बसलं, पण त्याची दुसरी वाटी कोमट परातीत आणून ठेवली तर थोड्या वेळाने तिच्यातही रंग उठेना. आणि मी जमिनीवरच बसले, कारण हे मी दर वर्षी अकरावीच्या मुलांकडून करून घेते. प्रात्यक्षिकाची सुरुवातच अशी असते की प्रत्येकाने चूळ भरून थोडी लाळ द्यायची. आणि रस्त्याने जाता-येता बिनधास्त थुंकणारी मुलं प्रयोगशाळेत एकदम खानदानी होतात, त्यांच्या तोंडाला पाणीच सुटत नाही.

"लाळ," मी म्हणाले.

"ई! काय?"

मग मी तिला सांगितलं. आपल्या लाळेत अमायलेज नावाचं पाचक द्रव्य असतं. ते पिठूळ पदार्थाचे तुकडे पाडून त्याची साखर करायला घेतं. भाकरीचा घास खूप वेळ चावला की गोड लागतो तो त्याच्यामुळे. या अमायलेजचे नखरे फार. त्याला आपल्या अंगाएवढी ऊब लागते. बर्फात ते गारठून बसतं, पण मरत नाही, ऊब मिळाली की पुन्हा कामाला लागतं. उकळीत मात्र मेलं ते मेलं. आंबट त्याला सोसत नाही. मीठ आवडतं, मिठाने उलट चेव येतो.

"आता बघ. मोठं पातेलं वाफाळतं असतं, त्यात लाळ पडली तरी भाजून निघते. छोट्या पातेल्यातला चीक कोमट झालेला. मीठ आहे. आणि आई गव्हाचं पाणी इतक्या निगुतीने बदलतात की आंबटपणा औषधाला नाही. वर झाकण, बाहेर नाशिकचं ऊन. अमायलेजला याहून चांगलं माहेरपण कुठे मिळणार?"

संजनाने हे सगळं ऐकून घेतलं आणि बँकेत विचारतात तसा एकच प्रश्न विचारला. "पण लाळ कुणाची?"

त्याचं उत्तर मला अगदी सोपं वाटलं. दिवसभर सुपारी चघळणारं तोंड गच्चीवर एकच होतं. संध्याकाळी जिन्यात अंबूमावशी भेटल्या तेव्हा मी थांबवून सांगितलं, "मावशी, उद्या नक्की या. कुणाच्या हाताला काय धरतं ते सगळ्यांसमोर दाखवते." मम्मी म्हणते, तुझी जीभ तुझ्या पायांच्या पुढे चालते. चालते खरी.

दुसऱ्या दिवशी मी आयोडीनची बाटली कमरेला खोचून कबुतरांवर बसले. वाडगा मुद्दाम जागेवरच राहू दिला, संजनालाही बोलू नको म्हणून बजावलं, कारण मला मावशींना रंगेहाथ पकडायचं होतं. म्हणजे काठी कबुतरांवर आणि डोळे मावशींवर. त्यांनी बटव्यातून सुपारी काढली, तोंडात टाकली, बोटं पदराला पुसली. मी वाट बघत राहिले की आता हात वाडग्यात जाईल, मग जाईल. गेला नाही. त्यांचा वाडग्याशी काही संबंधच नव्हता, कारण कामाशीच नव्हता. सकाळपासून त्या जागच्या हलल्या नाहीत. सगळं काम तोंडाने चाललं होतं.

सुरय्याभाभी सोऱ्या फिरवत होत्या, त्यांचा हात त्यातच गुंतलेला. संजना कागदावर कुरडया घालत होती. आई रंग मळत होत्या. पळीने त्यांनी गुलाबी चिकाचा थेंब वरून तळहातावर घेतला, ओठ न लावता, अगदी कायद्याप्रमाणे. तळहात चाटला. जरा थांबल्या. पुन्हा एक थेंब घेतला, पुन्हा चाटला. मग हात वाडग्यात बुडवला, कारण चिकट हाताने मळता येत नाही, आणि तोच ओला हात चिकात घालून मळू लागल्या. थोडं मीठ टाकलं. पुन्हा तळहात, पुन्हा जीभ, पुन्हा वाडगा. हिरव्यालाही तसंच. पळी उष्टी होऊ नये म्हणून जन्मभर जपलेल्या बाईचा उष्टा हात, आणि तो धुवायला मळायचाच वाडगा.

कुणी एवढ्या वेळा मीठ बघतं का? असं मला वाटलं आणि त्याच क्षणी आईंनी संजनाला हसत हसत विचारलं, "काय गं नवरी, मीठ बरोबर हाय ना?" संजनाने "तुझं कधी चुकतं का" म्हणून मान हलवली, न चाखताच. आईंचं हसू विझलं. त्यांनी पुन्हा एक थेंब तळहातावर घेतला आणि डोळे मिटून जिभेवर धरून ठेवला, लांबून कुणी हाक मारतंय का ते ऐकावं तसा.

मिठाची डबी. बिनसाखरेचा चहा, "चांगला झाला." भाजी कधी अळणी, कधी खारट, आणि आम्ही समजायचो वय झालं. दोन वर्षांपूर्वी, माझ्या लग्नाआधी, त्या तापाने खूप दिवस पडून होत्या. वास येत नाही असं तेव्हा म्हणाल्या होत्या, हे भारतने मला सांगितलं होतं; मग म्हणायच्या बंद झाल्या, आणि घरात सगळे धरून चालले की सगळं परत आलं. काहीच परत आलं नव्हतं. चाळीस माणसांचा स्वयंपाक एका थेंबावर जोखणारी बाई दोन वर्षं अंदाजाने घर चालवत होती आणि कुणाला कळू देत नव्हती.

मला फार वाईट वाटलं. राग होता तो कुठे गेला कळलं नाही. कमरेची बाटली मी ओढणीखाली सारली. आईंनी गुलाबी-हिरव्यावर झाकणं घातली आणि पिवळं मळायला घेतलं.

"पळाला गं बाई, पुन्हा पळाला!" अंबूमावशी ओरडल्या. कामाला न उठणाऱ्या मावशी झाकण काढायला बरोबर उठल्या होत्या. "आन् तू काय दाखवणार हुतीस? दाखव की!"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. संजना म्हणाली, "सांग ना वहिनी, कालचं." आई चिकाने माखलेला हात तसाच वर धरून बघत होत्या. पंधरा मिनिटांपूर्वी हा क्षण मला हवा होता. त्यासाठी मी वर्षभर झुरले होते. आणि आता माझी लांब जीभ टाळूला चिकटली.

"वाडग्याच्या पाण्यामुळे होतं," मी म्हणाले. "पाण्यात लाळ जाते. कोमट चिकात लाळ गेली की तो पातळ होतो. एवढंच."

"लाळ? कुणाची?"

"सगळ्यांचीच. आपण सगळ्याच चाखतो, हात लावतो."

"म्हंजे तुझीबी," अंबूमावशी म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यांचा ठराव सहीसलामत होता.

 मनात म्हटलं, असू दे, कबुतरं तर कबुतरं. पुढच्या वर्षी वाडगा मी गुपचूप बदलत राहीन.

"तिची नाय." आईंचा आवाज. त्या आपल्या तळहाताकडे बघत होत्या. "ती दोन दिस झाले चिकाजवळ आलीच नाय. वाडग्यात हात माझाच." त्यांनी हात सगळ्यांसमोर धरला. "चाखणारी मीच. चार-चारदा चाखते. मला चव लागत नाय. मीठ नाय, साखर नाय, काय नाय. त्या तापापासनं."

सोऱ्या थांबला. संजनाने "आई!" म्हणून तोंडावर हात धरला. अंबूमावशींच्या तोंडातली सुपारीसुद्धा थांबली, हे मी शपथेवर सांगेन.

"बोलली का नाय मग?" मावशी म्हणाल्या.

"काय बोलू? मी डोंगरातली, आमच्यात नागलीचे पापड. सासरी आले तर ह्याच चिकावरनं मला लय हसले. हिच्या हाताला चीक धरत नाय, म्हनले." आई माझ्याकडे वळल्या. "मला ठाऊक हाय गं कसं लागतं ते. तरी गेल्या साली मी गप बसले. तवाबी चाखून त्याच वाडग्यात हात घालणारी मीच. हात तुझा न्हवता बिघडला. जीभ माझी बिघडली हुती."

मला रडू आलं. मी ते कबुतरांच्या नावावर घालायचा प्रयत्न केला, धूळ वगैरे, पण जमलं नाही.

सुरय्याभाभींनी सोऱ्याचा दांडा पुन्हा फिरवायला घेतला. "कुसाताई, त्यात लाज कसली?" त्या म्हणाल्या. "रोज्यात मी पण सालन दुसऱ्यांकडून चाखवून घेते. पूरा महिना. मीठ दुसऱ्याच्या जबानने बघायचं, त्यात काय!"

आईंनी पदराने डोळे पुसले आणि एकदम हुकूम सोडला, "निकिता, इकडं ये. कबुतरं गेली उडत."

मी गेले. माझा हात त्यांनी धरला, पळीतून वरून थेंब टाकला. "बघ."

मी चाटलं. आणि कायद्याप्रमाणे हात बाजूच्या वेगळ्या बादलीत धुतला, वाडग्यात नाही.

"कसा हाय?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. "आई, खारट आहे. लय खारट."

"लय?"

"तोंडात धरवत नाही."

आई वळल्या. "मग काल दुपारी दूध-साखर घालून वाट्या भरभरून चीक खाल्ला तो? कुणी काय बोललं नाय ते?" सगळ्या बायका खाली बघू लागल्या. कुसाबाईंच्या मिठाला नावं ठेवायची कुणाची बिशाद होती? "तोंडात धरवंना, पण लाजंखातर दोनदा घेतला मी," अंबूमावशी पुटपुटल्या, आणि पहिल्यांदा आई मनापासून हसल्या. मग सगळ्याच हसल्या, इतक्या की कबुतरांनी संधी साधून एक कुरडई पळवली.

कच्चा चीक तळाशी थोडा उरला होता. तो बिनमिठाचा शिजवून खारटाशी मिसळायचा विचार सुचला आणि मीच मोडीत काढला, कारण खारटातली लाळ नव्यालाही पातळ करणार. नवाच शिजवला, जेवढा होता तेवढा. मीठ मी बघितलं. रंग मी मळले. वाडगा ठेवलाच नाही. पळीने चीक खालीवर केला आणि वाफ असेपर्यंत सोऱ्यात भरला, बोटं भाजली तरी. सुरय्याभाभींनी दांडा फिरवला आणि खाली गुलाबी तार उतरली, न तुटता, गोल गोल. संजनाने टाळ्या वाजवल्या. कुरडया थोड्याच झाल्या, पण रुखवतात एका ताटात सुंदर दिसल्या. ताट मी मांडलं. मांडवात अंबूमावशी व्याह्यांकडच्या बायकांना सांगत होत्या की आमच्या निकिताच्या हाताला चीक कसा धरतो बघा, मनमाडची आहे.

संजना सासरी गेली. भारतने आईंना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही, वास घेत राहा. आई रोज लवंग, वेलदोडा, लिंबाची साल नाकाशी धरून बसतात आणि कशाचाच वास येत नाही म्हणून लवंगेवर चिडतात. पण स्वयंपाक त्यांनी सोडला नाही. रोज आमटीला उकळी आली की त्या मला हाक मारतात. मी पेपर तपासत असले तरी उठते. त्या पळीतून वरून माझ्या तळहातावर थेंब टाकतात आणि माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहतात.

मी सांगते ते खरंच सांगते. कमी असेल तर कमी, जास्त असेल तर जास्त. गोड खोटं बोलले तर त्यांना कधीच कळणार नाही, म्हणून तर खोटं बोलवत नाही.